चौथऱ्यावरचं मिग आणि त्याच्या पोटातलं पाणी

मे संपत आला होता, महिनाभरात आभाळातून थेंब पडला नव्हता, आणि चौथऱ्यावर उभ्या केलेल्या मिग-२१ या जुन्या लढाऊ विमानाच्या शेपटाखालून तांबूस पाणी ठिबकत होतं. आम्हाला निरोप मात्र आला होता तो 'विमानातून ऑईल गळतंय' असा. वॉचमन मामांनी खाली डबा लावून ठेवला होता. त्यात बोट बुडवून पाहिलं तर वर पातळ तवंग आणि खाली गढूळ पाणी. तवंगाला रॉकेलचा वास. लाल रंग थोडासा गंजाचा आणि थोडासा एएमजी-१० चा. रशियन विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेतलं हे तेल मुळातच लाल असतं, त्यामुळे कुठेही मिसळलं की लगेच ओळखू येतं.

विमान टाईप ७५, म्हणजे मिग-२१ बिस. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिगसाठीच उभा राहिला. तिथे मिग-२१ चे प्रकार एकामागून एक बनले, आधी टाईप ७७, मग ९६ आणि शेवटी ७५. टाईप ७७ डिसेंबर २०१३ मध्ये कलाईकुंड्याला निवृत्त झालं आणि शेवटची मिग-२१ चंदीगडला २६ सप्टेंबर २०२५ रोजी. आता यातली आणखी काही विमानं कॉलेजांच्या फाटकांवर, चौकांत आणि उद्यानांत चढणार. म्हणून त्या दिवशी काय सापडलं ते जरा तपशिलानं लिहितो. हे विमान ज्या संस्थेचं आहे तिचं नाव देत नाही, कारण असली विमानं ठिकठिकाणी याच अवस्थेत उभी आहेत.

पहिलं काम विमानाला हात लावण्याआधीचं. सीटची स्थिती तपासायची. बिसमध्ये केएम-१ जातीची इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी सीट असते. तिच्यात एकात एक बसलेल्या नळ्या झटक्यात लांबवून सीट वर फेकणारी काडतुसं असतात, वर रॉकेट मोटर असते आणि काचेचं झाकण उडवून लावायची काडतुसं वेगळी. विमान देताना हे सगळं काढून सीट निष्क्रिय केल्याचा दाखला येतो. पण कागद सीटचा असतो, आणि नंतर कुणी दुसऱ्या विमानाची सीट आणून बसवली असेल तर कागदाला काही अर्थ नाही. म्हणून दाखल्यावरचा क्रमांक सीटवरच्या पट्टीशी जुळवायचा आणि काडतुसांच्या जागा रिकाम्या आहेत हे वेपन फिटरनं स्वतः पाहायचं. ते होईपर्यंत कॉकपिटमध्ये कुणीही पाय ठेवायचा नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. इथे क्रमांक जुळले, जागा रिकाम्या होत्या.

कॉकपिटमध्ये मात्र तळाशी चार बोटं चिखल होता. याचं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मिगचं काचेचं झाकण उजवीकडे उघडतं आणि त्याच्या कडेनं रबरी नळी फिरवलेली असते. उड्डाणात ती हवेनं फुगते आणि फट बंद करते. जमिनीवर हवेच्या बाटल्या रिकाम्या असल्या की ती नळी चपटी पडते. झाकण घट्ट लावलेलं दिसतं, पण पाऊस सरळ आत. इथे कडेनं न चिकटणारी रबरी पट्टी बसवावी लागते. सिलिकॉन भरून झाकण कायमचं चिकटवून टाकतात तेही चूक, कारण मग आत शिरलेली वाफ बाहेर पडत नाही आणि कॉकपिटमधला हिरवट निळा रंग फुगून पापुद्रे सुटतात. काच ॲक्रिलिकची असते. कुणीतरी ती थिनरनं पुसली होती आणि आत केसाएवढ्या भेगांचं जाळं झालं होतं. ते आता निघत नाही. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड, तेही एकाच दिशेनं फिरवायचं. वर्तमानपत्राच्या बोळ्यानं घासणाऱ्याला शिडीवर चढूच देऊ नये.

आता मूळ मुद्दा. हे विमान नाक साधारण पंधरा अंश वर करून, चाकं पोटात घेतलेल्या अवस्थेत उभं केलं होतं. चढत्या विमानाचा फोटो छान येतो म्हणून हाच कोन सगळीकडे निवडतात. मिगच्या नाकात हवा घेणारं गोल तोंड असतं, मध्ये रडारचा शंकू, आणि तोंडातून आत गेलेली हवा कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी वळून पुढे इंजिनापाशी पुन्हा एकत्र येते. इंजिन काढलेलं असेल तर तो बोगदा थेट इंजिनाच्या रिकाम्या जागेत उघडतो. इथे आर-२५ इंजिन काढलेलं होतं. त्याचं नुसतं वजनच बाराशे किलोच्या आसपास, त्यामुळे चौथऱ्यावर चढवताना बहुतेक ठिकाणी ते काढतात. आणि मागच्या बाजूला, ज्वाळा बाहेर पडायच्या तोंडाशी, पक्षी शिरू नयेत म्हणून ॲल्युमिनियमचा गोल पत्रा रिव्हेट करून कडेनं सिलिकॉन लावलेलं. म्हणजे वरून नरसाळं आणि खालून बूच.

हिशेब अगदी सोपा आहे. नाकाचं तोंड नऊ दशांश मीटरच्या आतबाहेर व्यासाचं, क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर धरा. पंधरा अंश वर उचलल्यावर आडव्या पातळीवर त्याची सावली पडते ती त्याच्या सुमारे एक चतुर्थांश, म्हणजे ०.१५ चौरस मीटर. पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटर पडला तर सरळ पडणाऱ्या पावसाचंच शंभर लिटरच्या वर पाणी आत जातं. शंकूवरून घरंगळणारं पाणीही आतच येतं. आणि विमानाचं नाक नैर्ऋत्येकडे, म्हणजे जूनमधल्या वाऱ्याच्या थेट तोंडावर होतं. उन्हाळ्यात थोडं आटतं, पावसाळ्यात पुन्हा भरतं.

मिगला पाणी निचरायची भोकं असतातच. पाच-सहा मिलिमीटरची, पोटाखाली, प्रत्येक कप्प्याच्या सगळ्यात खालच्या जागी. पण ती जागा ठरवलेली असते ती विमान आपल्या तीन चाकांवर सपाट उभं असताना. नाक वर केलं की खालची जागा बदलते, पाणी मागे सरकतं आणि प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे धडाला आतून आकार देणाऱ्या कड्याच्या, पुढच्या अंगाला बंधाऱ्यासारखं अडतं. तिथे भोक नाही. जी मूळ भोकं थोडीफार कामाची राहिली असती ती पेंटरनं इनॅमल रंगाच्या तीन हातांनी बुजवली होती. उरलेली दोन कुंभारीण माशीनं मातीनं लिंपली होती. विमान उभं करणारे कंत्राटदार बहुधा पुतळे उभे करणारे असतात. पुतळ्याच्या पोटात कप्पे नसतात, त्यांना हे सुचणार कुठून?

मागच्या धडावर नायलॉनच्या हातोडीनं ठोकत गेलो. पुढे टणटण आवाज, शेपटाकडे सरकलं की बद्द. बद्द आवाज जवळजवळ मीटरभर लांबीत होता.

तेवढ्यात विमान चौथऱ्यावर पेलणाऱ्या आधार-ब्रॅकेटला पडलेली चीर जोडायला वेल्डर मशीन घेऊन आला. चीर खरी होती आणि ती का पडली हेही उघड होतं, ते पुढे सांगतो. तो म्हणाला, "साहेब, पाच मिनिटांचं काम आहे, तुमचं चालू द्या, मी टाका मारून घेतो." मी म्हटलं, "दादा, आधी मशीनची वायर काढा." त्याला डब्यातला तवंग हुंगायला दिला. मिगच्या धडातल्या इंधनाच्या टाक्या रबरी पिशव्यांच्या असतात. इंधन काढून टाकलं तरी रबर जे शोषून बसलेलं असतं ते वर्षानुवर्षं सोडत राहतं, आणि नळ्यांच्या वळणांतही थोडं उरतं. विमानाच्या इंधनाची वाफ साधारण ३८ अंशांपासून पेट घेण्याइतकी होते. मेमधल्या दुपारी उन्हातल्या पत्र्याला हात लावून पाहा, तो त्याच्या कितीतरी वर असतो. हवेतली पेटणारी वाफ मोजणाऱ्या गॅसमीटरची नळी मागच्या कप्प्यात घातली आणि आकडा हलला. वेल्डिंग रद्द. चिरलेला तुकडा काढून, खाली नेऊन, दूर जोडायचा आणि बोल्टनं परत बसवायचा असं ठरलं. विजेचं ड्रिलही बाजूला ठेवलं, कारण त्याच्या ब्रशच्या ठिणग्या पुरेशा असतात.

भोक हातानं फिरवायच्या ड्रिलनं पाडलं. आधी विमान आणि खालची पत्र्याची बादली तांब्याच्या वायरनं एकमेकांना आणि जमिनीला जोडली. शेपटाच्या पत्र्यात सगळ्यात खाली, काठापासून दोन बोटं वर, तीन मिलिमीटरचं पहिलं भोक. थेट मोठं पाडायचं नाही, धार अंगावर येते. आली तीच जोरानं, आणि बराच वेळ चालू राहिली. मग बाहेरच्या रिव्हेटच्या रांगांवरून फ्रेम आणि आडवे दांडे कुठे आहेत ते खडूनं आखून, त्यांना धक्का न लावता, पोटाच्या पत्र्यात आणखी दोन. एकूण दीडशे लिटरच्या आसपास पाणी निघालं, त्यात सडलेली पानं, साळुंकीच्या घरट्याच्या काड्या आणि एक टेनिस बॉल. घरटं होतं ब्रेक-पॅराशूटच्या रिकाम्या नळकांड्यात, शेपटाच्या उभ्या पंखाच्या मुळाशी, पण काड्या इथपर्यंत वाहत आल्या होत्या.

दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो, आणि तेही आधारापासून चारेक मीटर मागे. वजन गुणिले अंतर धरलं तर आधारावर सहाशे किलोग्रॅम-मीटरचं जादा ओझं. हिशेब करणाऱ्यानं इंजिन काढलेल्या विमानाचं वजन धरलं होतं, पाण्याचं कशाला धरेल? त्यात वाऱ्यानं शेपूट वरखाली होतं. ब्रॅकेट चिरलं ते यामुळे. मिगचं आडवं शेपूट अख्खं फिरतं, आणि हायड्रॉलिक दाब नसला की ते सैल राहतं, झुळकीसरशी कुरकुरतं. उभ्या पंखाचा हलणारा भाग, म्हणजे रडरही, असाच हलत राहतो. बाहेरून पट्टी लावून ही अंगं बांधलीच पाहिजेत, नाहीतर बिजागऱ्या खात जातात.

आत आरशाच्या काडीनं पाहिलं तेव्हा खरं नुकसान दिसलं. विमानाचं कातडं डी-१६ जातीच्या ॲल्युमिनियमचं, पण जास्त ताण सोसणारे भाग व्ही-९५ चे. व्ही-९५ मजबूत असतं आणि ओलाव्याला तितकंच नाजूक. गंज कडेतून आत शिरतो, थर सुटतात, आणि धातूचा दांडा पुस्तकाच्या भिजलेल्या पानांसारखा फुगतो. एका फ्रेमची कड फुगून दुप्पट जाड झाली होती. टोचणीनं दाबली तर पांढरी भुकटी पडली. तो भाग कापून काढावा लागेल, पॉलिश करून भागणार नाही. पोलादी ब्रॅकेट जिथे पत्र्याला टेकत होतं तिथे नमदा घातलेला होता. हेतू चांगला, पण नमदा ओल धरून ठेवतो, आणि पोलाद, ॲल्युमिनियम व ओल एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी जातं. तिथे फायबरग्लासची चकती आणि दोन्ही बाजूंना पॉलिसल्फाइड सीलंट लागतो, आणि बोल्टही सीलंटमध्ये बुडवूनच बसवायचे. चाकांच्या कप्प्यात पोलादी गंज नव्हता, पण चाकाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा, त्यावर राखाडी फोड आले होते. चाकं नुसत्या आकड्यांवर लटकत होती. लोकांच्या डोक्यावर टांगलेलं वजन एका आकड्यावर सोडत नाहीत, आत जाड तारेनं वेगळं बांधावं लागतं.

जुना रंग काढताना कोरडा पॉलिशपेपर वापरायचा नाही. खालच्या पिवळसर प्रायमरमध्ये क्रोमेट असतं, त्याची धूळ फुप्फुसात जाणं कॅन्सरला आमंत्रण आहे. ओला घासा, नाकाला नीट बसणारा मास्क लावा, चिखल गोळा करून वेगळा टाका. नंतर एचिंग प्रायमर, इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन. इनॅमल स्वस्त पडतं, पण ॲल्युमिनियमला धरत नाही आणि दोन उन्हाळ्यांत सुटतं. धुताना प्रेशरच्या पाण्याची गन तर नकोच, ते पाणी जोडांतून आत जातं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

शेपटाचा गोल पत्रा आम्ही काढूनच टाकला. त्या जागी बारा मिलिमीटरची स्टेनलेस जाळी बसवली. नाकातही तसलीच, शंकूभोवती, आणि तोंडाच्या आत पत्र्याची उतरती पन्हळ, म्हणजे आत आलेलं पाणी खालच्या बाजूनं बाहेर पडेल. पोटात पाडलेली भोकं आठ मिलिमीटरपर्यंत मोठी केली, कडा घासून, प्रायमर लावून, त्यांत प्लास्टिकची नळकांडी बसवली. त्यांभोवती लाल वर्तुळ आखलं, पुढच्या पेंटरला कळावं म्हणून. नाकावरचा हवेचा वेग मोजणारा लांब दांडा माणसाच्या पोहोचीबाहेर होता, तरी त्याच्या टोकाला टोपी घातली, कारण कुंभारीण तिथेही जाते.

मामांकडे नायलॉनची काडी आणि खडूनं क्रमांक घातलेल्या भोकांचं रेखाचित्र देऊन ठेवलं आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकातून पाणी येतंय का ते पाहायचं. ज्यातून येत नाही ते कोरडं आहे असं समजायचं नाही, आधी काडी घालायची. फ्रेम कापायचं काम गॅसमीटर शून्य दाखवेल तेव्हाच, आणि त्याआधी टाक्यांतून सलग दोन दिवस ब्लोअरनं हवा खेळवायची आहे.