सव्वा मूठ गहू

बाईचे बाईपण निसर्गानेच ठरवून दिले आहे, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी एकदा खान्देशातल्याच दोन जिल्ह्यांकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे जळगाव जिल्ह्यात ८४२ मुली होत्या, तर नंदुरबारात ९४४. केळी, कपाशी, कॉलेजे आणि दवाखाने यांनी भरलेला जिल्हा मागे आणि ज्याला आपण मागास म्हणतो तो पुढे! या मोजणीतली बरीच मुले जन्मली त्या वर्षांत, २००७ पासून, राष्ट्रपतिभवनात जळगाव जिल्ह्याच्याच प्रतिभाताई पाटील होत्या, आणि त्यांचे कौतुक गावोगाव चालले होते.

गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. तरीही जिथे सोनोग्राफीचे मशीन आहे, खिशात पैसा आहे, वाटणीला जमीन आहे आणि लग्नात हुंडा द्यावा लागतो, तिथे मुलगी आधी आकड्यांत तोट्याची ठरते, असे माझे मत आहे. नंदुरबारात बहुसंख्य वस्ती आदिवासींची, आणि भिल्ल-पावरा समाजात मुलाकडचे लोक मुलीच्या बापाला देज देतात, कारण तिच्या जाण्याने घरातले कामाचे दोन हात कमी होतात, हे तिथे उघड मान्य आहे. म्हणून तिथे सगळे आलबेल आहे असे मात्र नाही, कारण एखादीला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार त्याच डोंगरात घडत आले आहेत.

बाईपण शिकवले कसे जाते, याचा नमुना आमच्याच घरात आहे. श्रावणात घरात कानबाई ही खान्देशातली देवी बसते, तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू मोजताना आमच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घेतात. पाळण्यातल्या पुतण्याचीही मूठ निघते. देवी बाई, दळणारी बाई, पुरण शिजवणारी बाई, गाणी म्हणणारीही बाईच. मूठ मात्र पुरुषाची. मी लहानपणी मोठ्या मायला विचारले होते, तर गहू पाखडता पाखडता, मान वर न करता ती म्हणाली, "पोरनी मूठ तिना सासरले निंघस." लग्न झाल्यावर सासरी पाहिले, तर तिथेही मूठ नवऱ्याची, दिराची आणि सासऱ्यांची. मोठी माय खोटे बोलली नव्हती. तिलाही लहानपणी कोणीतरी हेच सांगितले असणार, आणि स्वतःच्या सासरी आल्यावर तिने पुन्हा कोणाला विचारले नसणार.

शेतातही मोजमाप असेच चालते. नांगर, वखर आणि पांभर गड्याची. निंदणी आणि कापूस वेचणी बाईची. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचणाऱ्या बाईबद्दल "बायकांची बोटे नाजूक, त्यांनाच जमते" असे सांगितले जाते, आणि तीच बाई संध्याकाळी सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन घरी येते तेव्हा नाजूकपणाची आठवण कोणाला होत नाही. समान कामाला समान मजुरी देण्याचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण कामच आधी बाईचे आणि गड्याचे असे वाटून टाकले की "बाईचा रोज" कमी ठेवायला कायद्याची अडचण उरत नाही. त्यातून घरी बागायत वाढली की बाईला शेतात जाऊ न देणे ही प्रतिष्ठा होते. मग ती "घरीच असते", म्हणजे गोठा, धुणे, भांडी आणि सालदाराची भाकरी करते.

२००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क मिळाला. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, न्यायला मुराळी येतो, लेक माहेरी जाते, झोके बांधले जातात, आणि याच मुक्कामात कधीतरी हक्कसोडपत्राचा विषय निघतो. बहुतेकजणी सही करतात, कारण हिस्सा मागणारीचे माहेर तुटते, असे तिला लहानपणापासून ऐकवलेले असते. भावाने सगळी जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली, तर बहीण तुटेल, असे त्याला कोणी ऐकवलेले नसते.