कॉर्कच्या डेकखाली

सर्फबोर्ड दुरुस्तीला आला की मी आधी त्याचं वजन करते आणि मग नाण्याने सगळीकडे वाजवून बघते. फायबरग्लासचा थर फोमला घट्ट धरून असेल तिथे आवाज टणक येतो, सुटला असेल तिथे बद्द. माझं निम्मं निदान या आवाजावरच होतं. त्या दिवशी आलेल्या बोर्डावर मात्र नाणं कुठेही टेकवा, आवाज बद्दच. डेक, म्हणजे पाय ठेवायची वरची बाजू, अख्खी कॉर्कची होती, आणि कॉर्क आवाज गिळून टाकतं.

बोर्ड घरी बनवलेला होता. बनवणारे गृहस्थ आयुष्यभर सुतारकाम केलेले, त्यामुळे काम अतिशय स्वच्छ. सहा फूट लांबी, आत पांढरा ईपीएस फोम, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा, तळाला आणि कडांना इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये भिजवलेलं फायबरग्लासचं कापड, वर त्याच कापडाचा एक पातळ थर आणि त्यावर 3 मिलिमीटर जाडीचा कॉर्कचा पत्रा. तक्रार एकच: बोर्ड जड होत चाललाय. काट्यावर ठेवला तर त्यांनी वहीत नोंदवलेल्या मूळ वजनापेक्षा चांगला किलोभर जास्त भरला. एवढं वजन पाण्याचंच असणार.

"पण डेकवर एक खड्डा नाही, बघा," ते म्हणाले. खरंच नव्हता. नेहमीच्या पातळ फायबरग्लासच्या डेकवर मागच्या पायाची टाच जिथे पडते तिथे वाटीसारखे खड्डे पडतातच. इथे मी बोटं फिरवली, दिवा आडवा धरून पाहिलं, पृष्ठभाग तासलेल्या फळीसारखा सपाट. त्यांनी कॉर्क निवडलं तेही याचसाठी. दाबलं तरी परत फुगतं, ओल्या पायाला धरून ठेवतं, आणि झाड न तोडता मिळतं, हे त्यांनी फार आपुलकीने सांगितलं. कॉर्क ओकची साल सोलून काढतात, झाड उभंच राहतं आणि नवी साल धरतं. पोर्तुगालमध्ये दोन सोलण्यांत किमान 9 वर्षांचं अंतर ठेवण्याचा कायदा आहे. बाटल्यांची बुचं कापून उरलेला चुरा बारीक करून, चिकटवून, दाबून असे पत्रे बनतात. लाकडात हयात घालवलेल्या माणसाला ही गोष्ट भावली यात नवल नाही. मलाही ती भावते.

ते परत फुगणंही खरंच. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्या त्या कॉर्कच्याच कापात. एका घन सेंटीमीटरमध्ये सुमारे 4 कोटी पेशी, प्रत्येक बंद आणि हवेने भरलेली. दाब आला की त्यांच्या भिंती घडी पडल्यासारख्या दुमडतात आणि दाब गेला की बऱ्याच अंशी पुन्हा उलगडतात.

नाणं निकामी झाल्यावर मी साबणाच्या पाण्याकडे वळले. बोर्ड कोवळ्या उन्हात ठेवला. आतली हवा तापली की प्रसरण पावते आणि जिथे फट असेल तिथून बाहेर पडते. ईपीएसचे मणी आतून बंद असले तरी मण्यामण्यांमध्ये बारीक वाटा असतात, त्यामुळे एका टोकाची हवा दुसऱ्या टोकापर्यंत पोचते, आणि पाणीही. डेकवर साबणाचं पाणी फवारलं. लीशच्या, म्हणजे बोर्ड पायाला बांधायच्या दोरीच्या, प्लगभोवती बुडबुडे आले, ते अपेक्षित होतं, कारण कॉर्कमधून पाडलेल्या भोकाच्या कडा रेझिनने बंद करायच्या बऱ्याचदा राहून जातात. पण थोड्या वेळाने मागच्या पायाच्या जागी, तळहाताएवढ्या भागात, कॉर्कच्या कणाकणांमधून बारीक फेस वर येऊ लागला. डेकच्या मधोमध, जिथे ना भोक ना चीर. खाली फायबरग्लास धड असता तर तिथून हवा येण्याचं काहीच कारण नव्हतं.

त्यांना विचारून मी धारदार पात्याने तेवढ्या भागाची खिडकी कापली. कॉर्कचा तुकडा उचलला तसं त्याच्या पाठीला चिकटलेलं पातळ कापडही वर आलं, चांदणीसारख्या तड्यांनी फुटलेलं. त्याखाली फोम पाच-सहा मिलिमीटर खचलेला आणि त्या खळग्यात पाणी. वरच्या तुकड्यात मात्र वाकल्याचा मागमूस नव्हता. टाचेचा प्रत्येक दाब कॉर्कने खाली पोचवला होता आणि स्वतः परत जागेवर आलं होतं. फोम परत येत नाही. त्याचे मणी एकदा चिरडले की चिरडले. म्हणजे डेक वरून शाबूत दिसत असताना खाली पोकळी वाढत होती. साध्या बोर्डावर पहिला खड्डा दिसला तेव्हाच मालक सावध झाला असता. इथे ती खूण कॉर्कनेच झाकली.

मला या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हेच, आणि घरी कॉर्कचा डेक करणाऱ्या प्रत्येकाला ते कळावं असं मनापासून वाटतं. "कॉर्क धक्का खाऊन टाकतं ना?" असं त्यांनी विचारलं. खातं. लाटेवरची थरथर, गुडघ्याचा दणका, अशा क्षणभराच्या गोष्टी ते छान पचवतं. पण टाचेवर तोललेलं सगळं वजन आजूबाजूला पसरवायचं तर ताठपणा लागतो, आणि तो कॉर्कमध्ये नसतो. गादीने पलंगाच्या फळ्यांचं काम होत नाही. कॉर्क वर आणि खाली दोन्हीकडून फायबरग्लासच्या थरात धरलं तर गोष्ट बदलते: दोन ताठ थर एकमेकांपासून लांब राहतात आणि मिळून वाकायला विरोध करतात. यांनी वरून कापड घातलंच नव्हतं, कारण पायाला उघडं कॉर्क हवं होतं. ती इच्छा मला पूर्ण मान्य आहे. मग खालचा थर दुबळा ठेवून चालत नाही, आणि इथे तो एकेरी, चौरस मीटरला सुमारे 135 ग्रॅमच्या कापडाचा होता.

दुरुस्तीतलं सर्वांत लांबलेलं काम म्हणजे वाळवणं. शेपटाकडे एक भोक पाडून बोर्ड सावलीत उभा ठेवला आणि रोज वजन घेतलं. वजन उतरायचं थांबेपर्यंत रेझिनला हात लावायचा नाही, आणि घाईने तापवायचं तर अजिबात नाही. आतल्या पाण्याची वाफ झाली तर उरलेले थरही सुटतात.

नंतर चिरडलेला फोम कापून त्या जागी जास्त घनतेच्या फोमचा तुकडा बसवला, त्यावर कापडाचे दोन थर आणि वर नवं कॉर्क. कॉर्क रेझिन पितं, म्हणून त्याची चिकटवायची बाजू आधी पातळ हाताने इपॉक्सी लावून बंद केली. हे गाळलं तर सांधा कोरडा पडतो. मग व्हॅक्यूमची पिशवी: बोर्ड पिशवीत घालून हवा ओढून घेतली की बाहेरच्या हवेच्या दाबाने थर एकमेकांवर घट्ट बसतात. इथे पंप पूर्ण चालवण्याचा मोह आवरावा लागतो: पूर्ण निर्वात म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ 10 टन दाब, आणि घनमीटरला 16 किलोचा हलका फोम तेवढ्याने चपटा होऊ शकतो. मी एक तृतीयांशावर थांबते. वेळ निवडली संध्याकाळची. तापमान उतरत असलं की फोम हवा आत ओढतो. चढत असलं की बाहेर ढकलतो आणि ओल्या रेझिनमध्ये फुगे येतात. लीशचा प्लग काढून फोममध्ये नव्याने बसवला आणि त्याभोवती कापडाची किनार खालच्या थरापर्यंत नेली.

बोर्ड न्यायला आले तेव्हा पुढच्या बोर्डाचं चित्र त्यांच्या डोक्यात तयार होतं. आम्ही कागदावर हिशोब मांडला. डेक साधारण 0.7 चौरस मीटर, पत्र्याची घनता घनमीटरला 200 किलो, म्हणजे 3 मिलिमीटरचं कॉर्क 420 ग्रॅम. 2 मिलिमीटर घेतलं तर 140 ग्रॅम वाचतात. तेवढ्यात निम्म्या डेकखाली, पाय पडतात तिथे, चौरस मीटरला 200 ग्रॅमच्या कापडाचा एक जादा थर रेझिनसकट बसतो. वजन तेच आणि टाचेखाली आधार. हे त्यांना लगेच पटलं. फरशीखाली अंथरायचं भरड कॉर्क न घेता बारीक दाण्याचं घ्यायचं हेही पटलं, कारण भरड दाणे घासताना उपटून येतात. कॉर्क कडांवरून खालपर्यंत वळवायचा बेत मात्र त्यांनी सोडला नाही. मीही अडवलं नाही. कडांना बसतात ते ठोके दाराचे, दगडाचे, दुसऱ्या बोर्डाच्या टोकाचे, क्षणभराचे. तिथे कोणी उभं राहत नाही.