‘हे अंशतः खरे आहे’

नागपुरातील एका शासकीय कार्यालयात मी एकतीस वर्षे लिपिक होतो. हिवाळी अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या, की आमच्याकडे तारांकित प्रश्नांची, म्हणजे आमदारांनी विचारलेल्या आणि मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, उत्तरे तयार करण्याची धांदल सुरू होत असे. ‘हे खरे आहे काय?’ या पहिल्या उपप्रश्नासमोर ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ या शेवटच्या उपप्रश्नासमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे मी किती वेळा टंकलिखित केले असेल, याची गणती नाही. ‘अंशतः’ म्हणजे नेमका किती अंश, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही वर कोणाला विचारले नाही. त्यामुळे मंत्री आणि त्याच्या सचिवावरची ‘येस मिनिस्टर’ ही ब्रिटिश विनोदी मालिका निवृत्तीनंतर प्रथमच पाहिली, तेव्हा हसण्याआधी मी थोडा दचकलो. हे लिहिणाऱ्या माणसाने आमच्या नस्त्या, म्हणजे फायली, कधी चाळल्या, असाच प्रश्न पडला.

तो माणूस सर अँटनी जे. मालिका त्यांनी जोनाथन लिन यांच्या साथीने लिहिली आणि श्रेय दोघांचे समसमान आहे. पण लिन हे मुळात नाटक-सिनेमाचे, नट आणि दिग्दर्शक, तर जे यांची सारी घडण कार्यालयांच्या जवळपास झालेली, म्हणून मला अधिक कुतूहल त्यांचे वाटते. त्यांचा जन्म 20 एप्रिल 1930 रोजी लंडनमध्ये झाला. आई-वडील दोघेही रंगभूमीवरचे. केंब्रिजला त्यांनी ग्रीक-लॅटिन आणि तुलनात्मक भाषाशास्त्र या विषयांत प्रथम श्रेणी मिळवली. चरित्रात एका ओळीत उरकला जाणारा हा तपशील मला कळीचा वाटतो, कारण त्यांचा विनोद प्रसंगातून जितका येतो त्याहून अधिक वाक्यरचनेतून येतो. सर हम्फ्री ॲपलबी हा सचिव एका दमात जे लांबलचक वाक्य म्हणतो, त्यात व्याकरणाची चूक सापडत नाही आणि अर्थही सापडत नाही. असे वाक्य रचायला भाषेचे व्याकरण हाडीमाशी मुरलेले असावे लागते.

1955 मध्ये अँटनी जे बीबीसीत रुजू झाले आणि ‘टुनाइट’ या दैनंदिन कार्यक्रमातून वर चढत पुढे त्याचे संपादक झाले. 1964 मध्ये मात्र त्यांनी नोकरी सोडली. एवढ्या मोठ्या संस्थेत नऊ वर्षे काढलेल्या माणसाला नोकरशाही पाहण्यासाठी दुसरीकडे जाण्याची गरज नव्हती. बाहेर पडल्यावर त्यांनी मॅकियाव्हेली या जुन्या इटालियन राजकीय विचारवंताचे डावपेच आधुनिक कंपन्यांना लावून दाखवणारे पुस्तक लिहिले, ते 1967 चे. 1969 मध्ये ब्रिटिश राजघराण्यावर गाजलेल्या माहितीपटाची संहिता त्यांचीच होती. 1972 मध्ये विनोदी नट जॉन क्लीझ आणि इतरांसह त्यांनी ‘व्हिडिओ आर्ट्‌स’ ही कंपनी काढली. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे चित्रपट हसवत शिकवता येतात, हा तिचा मूळ विचार. बैठक कशी घेऊ नये, यावरचा त्यांचा चित्रपट विशेष गाजला. (आमच्या प्रशिक्षणात आम्हाला नियमपुस्तिका वाचून दाखवली जात असे. दुपारच्या सत्रात निम्मा वर्ग डुलक्या घेत असे, आणि वाचणारे गृहस्थही फारसे जागे नसत.)

मालिकेचे बीज मात्र विनोदी नव्हते. टिमोथी एव्हान्स नावाच्या माणसाला 1950 मध्ये खुनाच्या आरोपाखाली फाशी झाली होती, आणि तो निर्दोष असावा अशी शंका पुढे बळावत गेली. त्याला मरणोत्तर माफी मिळावी, या मागणीच्या बाजूने विरोधी पक्षात असताना उभे राहिलेले फ्रँक सॉस्किस स्वतः गृहमंत्री झाल्यावर मात्र तयार होईनात. खुर्चीवर बसल्यावर माणसाचे असे काय होते, या प्रश्नाने जे यांना धरून ठेवले. (ती माफी पुढच्या गृहमंत्र्यांच्या काळात, 1966 मध्ये मिळाली.) दुसरा लेखक असता तर यावर गंभीर नाटक लिहून मोकळा झाला असता. जे यांनी पंधराएक वर्षे थांबून मंत्र्याच्या कानाशी एक सचिव उभा केला.

1979 च्या निवडणुकीत राजकीय वाद नको म्हणून बीबीसीने मालिका थांबवून धरली आणि पहिला भाग फेब्रुवारी 1980 मध्ये दाखवला. 1988 पर्यंत ‘येस मिनिस्टर’ आणि ‘येस प्राइम मिनिस्टर’ मिळून अडतीस भाग झाले. त्यातले एक रुग्णालय मी विसरणार नाही: पाचशेवर कर्मचारी, सगळे कामात बुडालेले, आणि रुग्ण एकही नाही. रुग्ण नसतानाही एवढ्या माणसांना काम कसे पुरते, हे सर हम्फ्री ज्या शांतपणे समजावतात, तो शांतपणा मी सिव्हिल लाइन्समधल्या अनेक दालनांत दाराशी उभा राहून ऐकलेला आहे. नायजेल हॉथॉर्न यांना या भूमिकेसाठी चार वेळा बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट-दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही.

तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची ही आवडती मालिका होती, आणि 1988 मध्ये जे यांना ‘सर’ हा किताब मिळाला. सत्तेची टर उडवणाऱ्याला सत्तेनेच गौरवावे, याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. जे यांचा रोख सत्तेपेक्षा सरकारी यंत्रणेवर होता. सरकार लोकहितासाठी नव्हे तर त्यातल्या माणसांच्या हितासाठी चालते, हा विचार मालिकेत जाणीवपूर्वक आहे, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. इथे माझे त्यांच्याशी पटत नाही. आमच्याकडे नस्ती अडून राहायची ती बहुधा कोणाच्या चातुर्यामुळे नव्हे. संबंधित टेबलाचा माणूस बदलीवर गेलेला असायचा आणि कपाटाची किल्ली त्याच्या जावयाकडे असायची. सर हम्फ्रींइतका हुशार अधिकारी मला एकतीस वर्षांत दोनदाच भेटला, आणि त्या दोघांनी कामे केली.

2001 मध्ये ‘जी मंत्रीजी’ नावाने या मालिकेचे हिंदी रूप स्टार प्लसवर आले. फारूख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. ते मी पुतण्याच्या आग्रहाने उशिराच पाहिले. मध्येच त्याने विचारले, “काकाजी, यात तुम्ही कुठे आहात?” मी पडद्याकडे पाहत राहिलो. सचिवांच्या टेबलावर लाल फितीत बांधलेला एक गठ्ठा होता. “ती गाठ कोणी मारली असेल?” मी त्याला विचारले. तो हसला आणि त्याने पुढचा भाग लावला.