मिरजेच्या तंबोरेवाल्या चाचांनी पाहिलेला कंट्रोलर

सांगलीच्या विश्रामबागेत माझे इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे दुकान आहे. मोबाइल आणि लॅपटॉप ही रोजची कामे. पण गेल्या काही वर्षांत गेम कंट्रोलर इतके येऊ लागले की टेबलाचा डावा कोपरा मी त्यांच्यासाठीच राखून ठेवला आहे. बहुतेकांची तक्रार एकच असते. स्टिकला, म्हणजे अंगठ्याने हलवायच्या छोट्या दांडीला, बोटही लावलेले नसताना पडद्यावरचा खेळाडू आपोआप एका बाजूला चालू लागतो. याला सगळे ड्रिफ्ट म्हणतात. अशी शंभर कामे हातावेगळी केली असतील, पण एका शनिवारी आलेले बापलेक मला विसरता येत नाहीत.

वडील मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे बनवतात. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याचा उरूस जवळ आला होता. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि तिच्या आधीचे दिवस या गल्लीत जवारी काढून घेण्याच्या, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून नाद जुळवून घेण्याच्या, घाईचे असतात. अशा गर्दीत अर्धा दिवस मोडून चाचा सांगलीला आले होते, कारण चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी मुलाला घेऊन दिलेला महागडा कंट्रोलर बिघडला होता आणि वॉरंटी संपली होती. जिथून घेतला त्या दुकानदाराने ‘हाताळणी चुकली’ एवढे सांगून विषय संपवला होता. मुलाला ते खरे वाटले होते. आपण अंगठा फार जोराने दाबतो, असे तो माझ्यासमोरही दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा वडिलांकडे न पाहता म्हणाला.

‘‘दुसरा घ्यायचा तर घेऊ, भाऊ,’’ चाचा म्हणाले. ‘‘पण कोणता घेतला म्हणजे पुन्हा हेच होणार नाही, तेवढं सांगा.’’

मी कंट्रोलर संगणकाला जोडून चाचणीचा प्रोग्रॅम लावला. त्यात स्टिकची जागा एका ठिपक्याने दिसते आणि शेजारी आकडा येतो. मध्याला शून्य, दोन टोकांना उणे एक आणि अधिक एक. डावी स्टिक सोडली तेव्हा ०.१४ दिसले. मी पुढचे बोलणार तोच चाचांनी कंट्रोलर मागून घेतला, डोळे मिटले आणि स्टिक अंगठ्याने अगदी हलके डावीकडे नेऊन सोडली, मग उजवीकडे नेऊन सोडली. असे त्यांनी चार-पाच वेळा केले. मग म्हणाले, ‘‘ही मध्यावर येते खरी, पण डावीकडून येते तेव्हा एका जागी थांबते आणि उजवीकडून येते तेव्हा दुसऱ्या.’’

मी पडद्याकडे पाहिले. डावीकडून सोडल्यावर उणे ०.०३, उजवीकडून सोडल्यावर ०.१४. जो फरक मी आकड्यावरून ओळखतो, तो त्यांनी खुंटी पिळणाऱ्या बोटांनी ओळखला होता. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात असे दुसऱ्या कोणी केलेले मी पाहिलेले नाही.

मुलाने डेडझोन वाढवून काही महिने काढले होते. डेडझोन म्हणजे मध्याभोवतीचा असा भाग, की त्यातली हालचाल खेळ मोजतच नाही. विंडोजसाठीच्या एक्सइनपुट या पद्धतीत स्टिकचा आकडा ३२,७६७ पर्यंत जातो आणि डाव्या स्टिकसाठी सुचवलेला डेडझोन ७,८४९ आहे, म्हणजे जवळजवळ पाव भाग. पुष्कळ खेळ यापेक्षा कमी ठेवतात, कारण नेम धरताना लागणारी बारीक हालचाल याच भागात असते. ड्रिफ्ट झाकायला डेडझोन वाढवला की ज्या नेमकेपणासाठी जास्तीचे पैसे मोजले, तोच हातून जातो.

कंट्रोलर उघडून मी स्टिकची जागा मोजणाऱ्या बाजूच्या सेन्सरची हिरवी टोपी काढली आणि भिंगाखाली धरली. आत काळ्या कार्बनचा कमानीसारखा पट्टा असतो आणि स्टिक हलली की धातूची बारीक बोटे त्यावरून सरकतात. पट्ट्याच्या मध्यभागी, जिथे खेळताना अंगठा सर्वांत जास्त फिरतो तिथे, चकचकीत घासलेली रेघ पडली होती आणि तिच्या कडेला काळी भुकटी साठली होती. चाचा भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. ‘‘घोडीवर तार घासून खाच पडते, तसंच हे,’’ ते म्हणाले. ‘‘वाजवणाऱ्याचा दोष नाही. वाजवलं की झिजणारच.’’ मुलगा त्या वेळी पहिल्यांदा नीट खुर्चीत बसला.

यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी फार थोडे विचारतात. महागातल्या कंट्रोलरची आतली घोडी वेगळी असते का?

दुकानात दाखवण्यासाठी ठेवलेले दोन कंट्रोलर मी समोर मांडले. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स एलिट सिरीज २ हा २०१९ सालचा असून तेव्हा त्याची अमेरिकेतली किंमत १७९.९९ डॉलर होती. मागे चार पॅडल म्हणजे जादा बटणे, तर्जनीने दाबायचे आणि तीन टप्प्यांत आखूड होणारे ट्रिगर, रबराची पकड, कंपनीच्या सांगण्यानुसार ४० तासांपर्यंत चालणारी बॅटरी आणि छोट्या चावीने कमीजास्त करता येणारा स्टिकचा ताण. ही चावी चाचांना फार आवडली. त्यांनी डाव्या स्टिकचा ताण वाढवला, उजव्याचा कमी केला, हातात धरून पाहिले आणि ‘‘हे आमच्या सूर बारीक जुळवायच्या मण्यासारखं आहे,’’ असे मुलाला सांगितले. दुसरा सोनीचा ड्युअलसेन्स एज, जानेवारी २०२३ मध्ये १९९.९९ डॉलरला आलेला. त्याला मागे दोनच बटणे आहेत आणि बॅटरी साध्या ड्युअलसेन्सपेक्षाही लहान आहे. पण त्याची पुढची पट्टी निघते आणि स्टिकचा संपूर्ण भाग सोल्डरिंगशिवाय उपसून बदलता येतो. सुटा भाग कंपनीने १९.९९ डॉलरला ठेवला होता. माझ्या मते एजमधली ही सर्वांत मोलाची सोय आहे, आणि जाहिरातीत मात्र ट्रिगरचाच गाजावाजा अधिक असतो.

तरीही चाचांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते की या दोन्हींच्या स्टिकमध्ये झिजणारा कार्बनचा पट्टाच आहे. एकात ताण जुळवता येतो, दुसऱ्यात घोडी लवकर बदलता येते, पण झीज दोन्हीकडे होणार.

न झिजणारा सेन्सर चुंबकाचा. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. स्टिकला चुंबक असतो, समोरचा सेन्सर चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजतो आणि दोन्ही एकमेकांना टेकतच नाहीत. ही युक्ती जुनीच आहे, सेगाच्या १९९८ सालच्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये ती होती. आता रेझरच्या २०२४ सालच्या वुल्व्हरिन व्ही३ प्रोमध्ये हॉल सेन्सरच्या स्टिक मिळतात, आणि ८बिटडोच्या अल्टिमेट २ मध्ये त्याहून कमी वीज खाणारा, चुंबकाचाच टीएमआर सेन्सर मिळतो, तोही वरच्या तिघांच्या निम्म्याहून कमी किमतीत. हे मी मुद्दाम सांगितले, कारण जास्त किंमत म्हणजे जास्त टिकाऊ स्टिक, हा समज मी रोज ऐकतो. चुंबकाच्या स्टिकमध्येही स्प्रिंग असते आणि ती सैल होऊ शकते, हेही मी लपवले नाही.

एवढ्यात मुलाने सांगितले की तो घरी पीसीवर खेळतो, पण रविवारी मित्राच्या पीएस५ वर, म्हणजे सोनीच्या गेम कन्सोलवर, फुटबॉल असतो. मग निवड आणखी अवघड झाली. एलिट आणि वुल्व्हरिन हे एक्सबॉक्स आणि पीसीचे. पीएस५ त्यांना थेट स्वीकारत नाही. एज पीएस५ वर चालतो आणि पीसीवरही चालतो, फक्त ट्रिगरचा बदलता दाब पीसीवर मोजक्याच खेळांत आणि तोही बहुधा केबल जोडल्यावर मिळतो. दोन्हीकडे एकच कंट्रोलर हवा असेल तर एज, आणि केवळ पीसी असेल तर चुंबकाच्या स्टिकचा स्वस्त कंट्रोलर, असे मी सांगितले.

चाचांनी दोन्ही नाकारले. ‘‘तंबोऱ्याची घोडी झिजली म्हणून भोपळा फेकून देत नाही आपण,’’ ते म्हणाले. ‘‘याचीच घोडी बदला, चुंबकाची बसवा.’’

या कामात एका स्टिकचे सोल्डरचे चौदा टाके उकलावे लागतात. घाई केली तर सोल्डरबरोबर बोर्डावरचा तांब्याचा ठसा उखडतो. पूर्वी माझ्या हातून एकदा तसे झाले होते आणि तो कंट्रोलर मला भरून द्यावा लागला होता. तेव्हापासून मी आधी कमी तापमानाला वितळणारे सोल्डर मिसळतो आणि मगच ते शोषून घेणारा पंप लावतो. चौदाही भोके स्वच्छ झाल्यावर जुनी स्टिक आपल्या वजनाने खाली आली. त्याच व्होल्टेजचा हॉल मॉड्यूल बसवला आणि चुंबकाचा मध्य जुळवायला लागलो, तेव्हा चाचा खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. मी डावीकडून सोडायचो, उजवीकडून सोडायचो आणि ते आकडा वाचायचे. ‘‘अजून थोडं... आता चढलं... उतरवा.’’ वीस-पंचवीस मिनिटांनी दोन्हीकडून ०.०१ आले.

खर्च नव्या कंट्रोलरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आला.

तीन दिवसांनी मुलाचा फोन आला. ड्रिफ्ट पूर्ण गेला होता, पण आता डावी स्टिक उजवीपेक्षा किंचित कडक लागते आणि नेम धरताना दोन अंगठ्यांचा मेळ बसत नाही, असे त्याने सांगितले. नव्या आणि जुन्या स्प्रिंगमधला तो फरक खराच होता आणि तो मी आधीच सांगायला हवा होता. पुढच्या शनिवारी त्याला बोलावून मी उजवी बाजूही बदलली. या वेळी चाचा आले नव्हते, जवारीची कामे अंगावर होती. आकडे मुलानेच वाचले.