क्योतोचं ओकुरिबी, १६ ऑगस्टला जाणार असाल तर

आईला जाऊन दोन वर्षं झाली, यंदा ऑगस्टमध्ये जपानात क्योतोला जायचं ठरवलं ते ओबोनसाठीच. आपल्या पितृपक्षासारखंच आहे, बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्ट, पितर घरी येतात आणि शेवटच्या रात्री आग पेटवून त्यांना वाट दाखवतात. ही निरोपाची आग म्हणजे ओकुरिबी, क्योतोत ती डोंगरांवर पेटवतात. बऱ्याच घरांत काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात म्हणजे पितर लवकर यावेत, आणि वांग्याचा बैल, म्हणजे जाताना सावकाश जावेत. हे ऐकलं तेव्हाच मला भरून आलं. ओबोनमागची गोष्ट आपल्या मोग्गलानची, बुद्धाच्या शिष्याची, मेलेली आई प्रेतलोकात उपाशी दिसली म्हणून बुद्धाने त्याला भिक्षुसंघाला दान द्यायला सांगितलं आणि ती सुटली.

१५ला दुपारी किंवा १६ला सकाळी गिनकाकुजी मंदिरापाशी नक्की जा. तिथे गोमागी मिळते, लाकडाची पट्टी, त्यावर नाव लिहून द्यायचं आणि ती रात्री डोंगरावर जळते. मी आईचं नाव मराठीतच लिहिलं, हात थरथरत होता त्यामुळे वेलांटी जरा वाकडी आली, समोरच्या आजोबांनी दोन्ही हातांनी पट्टी घेतली आणि मान झुकवली.

१६ला रात्री बरोबर ८ वाजता पेटतं, उशीर बिलकुल करू नका. आधी पूर्वेच्या डोंगरावर 'दाई' (म्हणजे 'मोठा') हे अक्षर, ७५ ठिकाणी आग, त्याची सगळ्यात लांब रेघ १६० मीटर. मग पाच-पाच मिनिटांनी बाकीचे चार डोंगर. सगळे एका जागेवरून दिसत नाहीत, तो हट्ट सोडा. देमाचियानागी स्टेशनला उतरून कामोगावा नदीकाठी बसा, पण ६ पर्यंत पोचा आणि बसऐवजी ट्रेननेच या. पाणी भरपूर ठेवा, उकाडा भयंकर असतो. हॉटेल काही महिने आधी बघा, शिनकानसेनचंही (बुलेट ट्रेन) रिझर्वेशन करा कारण या दिवसांत नोझोमी या तिथल्या सगळ्यात वेगवान गाडीला बिनरिझर्वेशनचे डबे नसतात.

पेटलं तेव्हा शेजारच्या बाईंनी हात जोडले, मीपण जोडले. अर्ध्या तासात विझत आलं तरी मला उठवेना.

१७ला पहाटेच डोंगर चढलात तर विझलेला कोळसा मिळतो, लोक तो पांढऱ्या कागदात गुंडाळून दारावर टांगतात, घरात रोगराई येऊ नये म्हणून. मला अंगठ्याएवढा तुकडा मिळाला.