यंत्र न बघता नकार कसा देतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, कल्याण फास्टमध्ये विचारलाय, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापूस कोंबून झाल्यावर विचारलाय. "मॅडम, त्या पेटंटवाल्यांनी यंत्र बघितलंसुद्धा नाही म्हणे. मग त्यात नवीन काही नाही, असं म्हणाले कसे?"

मी पेटंट एजंट आहे. माझ्याकडची बरीचशी कामं माल हलवणाऱ्या आणि निवडणाऱ्या यंत्रांची असतात: पट्टे, सॉर्टर, उचलून ठेवणारे हात. भिवंडीत गोदामं वाढत गेली तशी ही कामंही वाढत गेली. तेव्हा उत्तर देणं माझंच काम आहे, कबूल. पण दर वेळी ते दोन मिनिटांत द्यावं लागतं, आणि दोन मिनिटांत मी सोयीचं तेवढंच बोलते. म्हणून एकदाच लिहून टाकते.

नाही, बघत नाहीत. यंत्र बघायला वसईला कुणी येत नाही. तुम्ही अर्ज अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात दाखल केलात, तरी तो तपासणारा एक्झामिनर दिल्लीत, चेन्नईत नाहीतर कोलकात्यात बसलेला असू शकतो. त्याच्यासमोर असतो तो कागद. वर्णन, आकृत्या आणि शेवटी क्लेम. क्लेम म्हणजे खरेदीखतातली चतुःसीमा समजा. तिथे लिहिली तेवढीच तुमची हद्द. मागच्या आंब्याखाली तुमचे आजोबा बसायचे, हे रजिस्ट्रार ऐकून घेत नाही.

आणि यात गैर काय, तेही सांगा. तुमचं यंत्र बघायला तो आला, तर ज्यांच्याशी तुलना करायची ती जगभरातली यंत्रंही त्याला दाखवायला हवीत. तुलना कागदाची कागदाशीच होते. वाहून नेणाऱ्या आणि साठवणाऱ्या यंत्रांचा वर्ग बी ६५ जी, टपाल आणि वस्तू निवडण्याचा बी ०७ सी, यंत्रहातांचा बी २५ जे. या कप्प्यांत शंभर वर्षांचे कागद भरलेत. तो त्यात हात घालतो आणि तुमच्यासारखं वाक्य शोधतो. वाक्य, यंत्र नव्हे.

"पण पट्ट्यावरून डबा सरकवायचा, त्यात शोध कसला?" हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. अहो, जॉर्ज डेव्हॉलने १९५४ मध्ये अर्ज केला, १९६१ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि त्याचं नाव काय होतं? ठरवून दिलेल्या क्रमाने वस्तू इकडची तिकडे नेणं. बस. कारखान्यातला पहिला रोबो त्यातून आला. वुडलँड आणि सिल्व्हर यांच्या बारकोडचं पेटंट १९५२ चं. त्याच्या नावात बारकोड हा शब्दच नाही, ते वर्गीकरणाचं उपकरण आणि पद्धत म्हणून नोंदलंय. वस्तू कुठली ते ओळखा आणि जागेवर पोचवा, एवढंच माणूस कधीपासून करतोय. कसं करतो, त्यात शोध असतो.

इथे कुणीतरी हमखास डबेवाल्यांना आणतं. "मग डबेवाल्यांनी का नाही घेतलं पेटंट?" घेता येणार नाही. १८९० पासून उघड्यावर, दादरच्या फलाटावर चाललेली गोष्ट नवीन नसते, हे एक. आणि झाकणावरची खूण वाचून डबा कुठल्या गाडीत टाकायचा, ही झाली रीत. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, नुसता संगणक-प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना दारातच थांबवतं. पिनकोडचंही तेच झालं असतं. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे. माणूस टपाल खात्यातला आणि संस्कृतचा कवी. सहा आकड्यांत अख्ख्या देशाच्या टपालाची निवड बसवली, आणि पेटंटच्या दृष्टीने ते शून्य. मला यात काही वावगं वाटत नाही. पण कवीने केलंय हे मला आवडतं, म्हणून दर वेळी सांगते.

सॉर्टरच्या अर्जाला दोन आक्षेप ठरलेले. एक हा ३(के): तुमचं सगळं सॉफ्टवेअरच आहे. दुसरा ३(एफ): जुनीच साधनं शेजारी-शेजारी मांडलीत, जो तो आपापलं जुनंच काम करतोय. पट्टा पट्ट्याचं, सेन्सर सेन्सरचं, ढकलणारा हात हाताचं. पहिल्याला आता थोडी वाट आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानींच्या प्रकरणात सांगितलं की प्रोग्राम दिसला म्हणून सरसकट हाकलू नका, तांत्रिक परिणाम बघा. दुसऱ्याला उत्तर एकच: ही साधनं एकत्र आल्यावर एकमेकांवर काय करतात, ते दाखवा.

ते मी एकदा दाखवलं नाही.

मे २०१७. वसई पूर्वेच्या एका इस्टेटमध्ये तळमजल्यावरचा गाळा. काका साठीचे. १९८२ च्या संपात गिरणी सुटली तेव्हा पंचवीस वर्षांचे फिटर होते. बारा फुटांचं यंत्र, दोन पट्टे एकापुढे एक, मध्ये दोन बोटांची फट. कुरिअरच्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांचं दुखणं ही फटच असते. पिशवीचं टोक खाली जातं, पट्टा तिला गिळतो आणि अख्खी लाइन थांबते. काकांनी चाचणीसाठी पिशव्यांत काकूंच्या जुन्या साड्या भरल्या होत्या. एक पिवळी पिशवी आली, फटीपाशी जराशी अडखळली, पुढे सरकली, आणि बाजूच्या हाताने तिला हळूच खाली सारलं, झोपलेलं पोर कडेला सरकवावं तसं. मागून खोका आला. तो न अडखळता गेला आणि त्याला त्याच हाताचा सणसणीत फटका बसला. मी "वा" म्हटलं. फोटो काढले. फटीत नायलॉनच्या केसांची एक पट्टी उभी बसवली होती. "हा ब्रश कशाला?" काका पॅनेलमध्ये वाकलेले, तोंडात स्क्रूड्रायव्हर. त्यांच्या हाताखालचा पोरगा म्हणाला, "धुळीसाठी." मी तसं लिहून घेतलं.

मग विचारलं, कुणाला हळू आणि कुणाला जोरात, हे कसं ठरतं? काका म्हणाले, "सेन्सर सांगतो."

मला तेवढंच हवं होतं. वाक्य माझ्याकडे तयार होतं. नऊ दिवसांनी गोरेगावच्या प्रदर्शनात यंत्र मांडायचं होतं, त्याआधी अर्ज जायला हवा होता, आणि माझ्या टेबलावर आणखी चार अर्ज पडले होते. काकांच्या स्वतःच्या नावावर केला, त्यामुळे दाखल करायची सरकारी फी १६०० रुपये. माझी फी त्याहून पुष्कळ जास्त, तेही सांगून टाकते. पहिला क्लेम साधारण असा: एक वाहक पट्टा, त्यावरची वस्तू ओळखणारा किमान एक सेन्सर, त्याला जोडलेलं प्रक्रिया-एकक आणि वस्तूच्या प्रकारानुसार तिला कमी-जास्त जोराने वळवणारी यंत्रणा. किती ऐसपैस! तेव्हा मी ज्युनिअर मुलांना शिकवायचे, दादरच्या मंडईत भाव करतो तसं करायचं. आधी भरमसाट मागा, मग खाली या.

आक्षेपांचा अहवाल २०२० मध्ये आला. एक जपानी कागद, एक अमेरिकी. पहिल्यात वस्तू सेन्सरने ओळखून वळवली होती, दुसऱ्यात ढकलण्याचा जोर बदलला होता. दोन्ही एकत्र वाचले की माझं ऐसपैस वाक्य पुरतं झाकलं जात होतं. मी उत्तर लिहिलं, लांबलचक.

सुनावणी २०२१ मध्ये, पडद्यावर. काका शीवला माझ्या ऑफिसात आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मास्क, माझ्या शेजारच्या खुर्चीत सावरून बसलेले. कंट्रोलर, म्हणजे अर्जावर निर्णय देणारे पेटंट अधिकारी, अगदी सौम्य. माझं बोलणं संपल्यावर काका म्हणाले, "साहब, एक मिनट," आणि मोबाइलवरचा व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर धरला. हात थरथरत होता. कंट्रोलरनी तो शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, पिशवी तिथे थांबते ती का?

काका बोलायला लागले, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मऊ वस्तू ब्रशवर रेंगाळते, कडक रेंगाळत नाही. ब्रशच्या अलीकडे एक सेन्सर, पलीकडे एक. मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं. जास्त गेला तर हात हळू, कमी गेला तर जोरात. काटा नको, कॅमेरा नको. ब्रश फटही झाकतो आणि मापही घेतो.

हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चार वर्षं मी त्यांची एजंट होते.

कंट्रोलर म्हणाले, "हे चांगलं आहे. हे क्लेममध्ये कुठे आहे?"

क्लेममध्ये नव्हतं. निदान वर्णनात? मी पानं उलटली. सापडलं. मोठ्याने वाचावं लागलं, कारण ते वाट बघत होते: पट्ट्यांवरील धूळ काढण्यासाठी, ऐच्छिकरीत्या, ब्रश बसवता येईल. इंग्रजीत वाचलं. काकांना 'डस्ट' कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी पडद्याकडे बघत होते.

पुढचं यंत्रवत. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती करता येते, पण मूळ कागदात जे सांगितलंय त्याच्या आतच. धुळीच्या ब्रशचा मापाचा ब्रश करता येत नाही. नवा अर्ज? यंत्र चार दिवस प्रदर्शनात उभं होतं आणि तीन वर्षांपासून एका गोदामात चालू होतं. प्रदर्शनाला सूट आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांना, आणि तीही बारा महिने. म्हणजे संपलं. नकाराचा आदेश काही आठवड्यांनी आला.

पण सुनावणीच्याच दिवशी, जिना उतरताना, काका म्हणाले, "व्हिडिओत काय कळतंय, मॅडम. प्रत्यक्ष यंत्र बघितलं असतं तर..." आणि मी म्हटलं, "हो ना काका, तेच तर."

एवढंच. काकांनी ते वसईत सांगितलं, तिथून ते भिवंडीला गेलं, आणि तुम्ही मला जे विचारता ते माझंच वाक्य फिरून परत आलेलं असतं. त्या सगळ्या प्रकरणात यंत्र प्रत्यक्ष, हाताच्या अंतरावरून, चालू स्थितीत बघितलेलं एकच माणूस होतं, आणि ते मी होते.

२०१७ मधली मी अजून भांडते. म्हणते, त्यांनी सांगायला नको? विचारलं होतं की. बरोबर आहे. पण ज्याने यंत्र बनवलं त्याला ब्रश इतका सरळ वाटत होता की त्यात सांगण्यासारखं काही आहे, हेच त्याला सुचलं नाही. ते उकरून काढायचे पैसे मी घेतले होते. मग ती म्हणते, ऐसपैस क्लेम सगळेच लिहितात. लिहितात, पण त्याखाली उतरायला पायऱ्या ठेवतात. आणि ज्यांना परवडतं ते एका यंत्राचे दहा अर्ज करतात. रॅक उचलून नेणारे रोबो बनवणारी किव्हा कंपनी ॲमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरना घेतली. त्यांच्याकडचे कागद वाचा, रोबोने वळण कसं घ्यायचं याचेही वेगळे अर्ज सापडतील. वसईच्या काकांना एकच अर्ज, एकच वाक्य आणि एकच बाई परवडते. हा माझा बचाव आहे की तक्रार, मला ठरवता येत नाही.

बरं, ब्रश लिहिला असता तर मिळालं असतं? दोन पट्ट्यांमधली फट ब्रशने झाकतात, हे जुनंच आहे. रेंगाळण्याचा वेळ मोजलेला मला कुठे सापडला नाही, आणि मी रात्री-रात्री शोधलंय. पण एक्झामिनर दोन कागद जोडून म्हणाला असता, या विषयातल्या जाणकाराला हे सहज सुचेल. हा कायद्यातला जाणकार म्हणजे अजब प्राणी: सगळं वाचलेला आणि कल्पनाशक्ती चिमूटभर नसलेला. माझं त्याच्याशी चांगलं जमलं असतं. काही दिवस वाटतं, मिळालंच असतं. काही दिवस वाटतं, मी हे मिळालं असतं असं मानते ते स्वतःला शिक्षा म्हणून.

काका दिवाळीला अजून सुकेळी पाठवतात. ब्रशबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

गेल्या जानेवारीत दुसऱ्याच एका अर्जासाठी भिवंडीला गेले होते. दुसरं गोदाम, दुसऱ्याच कुणाचं यंत्र. दोन पट्टे, दोन बोटांची फट, आणि फटीत नायलॉनच्या केसांची उभी पट्टी. सेन्सर एकच होता, तोही खूप पुढे. शेजारी उभ्या पोराला विचारलं, हा ब्रश कशाला रे?

"आधीच्या मशीनला होता, म्हणून ह्याला पण लावला," तो म्हणाला. "धूळबीळ झाडायला असेल."