डीसी ब्रेकरला करंट कळतो कसा?

फोंडा-डिचोलीकडे छपरांवर सोलर बसवणारे वायरमन मला हमखास विचारतात, "रेल्वेच्या डीसी ब्रेकरसाठी करंट मोजायचा, तर क्लॅम्प मीटर आहे की! त्यात एवढं काय?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो. डीसी म्हणजे एसीसारखा सतत दिशा न बदलणारा करंट, आणि ब्रेकर म्हणजे शॉर्ट झाला की तो करंट तोडणारा स्विच.

साधा क्लॅम्प मीटर म्हणजे ट्रान्सफॉर्मरच. त्याला बदलता करंट तेवढा कळतो. पॅनेलच्या डीसी वायरला लावला तर तो शून्यच दाखवतो. डीसीला हॉल इफेक्टचा, म्हणजे करंटचं चुंबकक्षेत्र ओळखणारा सेन्सर लागतो. शंटही (ज्याच्यावरचं व्होल्टेज मोजून करंट काढतात असा छोटा रेझिस्टन्स) चालतो, पण तो थेट लाइनमध्ये बसतो, मग मोजणारं सर्किट लाइनच्या व्होल्टेजपासून वेगळं ठेवायची, आयसोलेशनची कटकट.

मोजणं मात्र यातलं सोपं काम. आपल्या कोकण रेल्वेच्या तारेत 25 केव्ही एसी आहे. तो करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, तेवढ्यात ब्रेकर आर्क, म्हणजे कॉन्टॅक्ट सुटताना पेटणारी ठिणगी, विझवून घेतो. डीसीत ही सवलत नाही. 1925 साली मुंबईत विजेची गाडी सुरू झाली ती 1500 व्होल्ट डीसीवर. बेंगळुरूची मेट्रो आजही 750 वर धावते. तिथे आर्क ताणून, त्याचे तुकडे पाडून त्याचं व्होल्टेज लाइनच्या वर न्यावं लागतं, तेव्हा कुठे करंट उतरतो. लाइन 1500 व्होल्टची आणि वाटेत 2 मिलिहेन्री इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) धरा: शॉर्ट होताच करंट दर मिलिसेकंदाला 750 अँपिअरने चढू लागतो. कॉन्टॅक्ट सुटायलाच काही मिलिसेकंद जातात. उशीर परवडत नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. गाडी सबस्टेशनपासून लांब असताना तिच्यात शॉर्ट झाला, तर तारेचा रेझिस्टन्स करंट दाबतो आणि आकडा गाडी वेग घेतानाच्या करंटएवढाच दिसतो. मग आकडा सोडून चढ बघायचा. मोटरींचा करंट सावकाश वाढतो, शॉर्टचा एकदम. पण थर्ड रेलमधली (मेट्रोला वीज देणाऱ्या, रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातली) फट ओलांडल्यावर गाडीतल्या फिल्टरचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरतो, तोही चढ तसाच उभा! तो लगेच ओसरतो, म्हणून चढ किती टिकला हेही तपासावं लागतं. शिवाय गाडी ब्रेक मारताना वीज परत पाठवते, तेव्हा करंट उलटा, तोही सेन्सरला कळायला हवा.

एवढं सगळं असूनही ब्रेकरमधली जुनी चुंबकी ट्रिप, म्हणजे ब्रेकर आपोआप उघडणारी यंत्रणा, मी काढू देणार नाही. मुख्य करंटचंच चुंबकक्षेत्र आर्मेचर, म्हणजे हलणारा लोखंडी तुकडा, ओढतं; ना इलेक्ट्रॉनिक्स, ना वेगळा सप्लाय.

डीसी क्लॅम्प मीटरवर झीरोचं बटण असतं ना? मोठा करंट गेल्यावर कोअरमध्ये (वायरभोवतीच्या लोखंडी कड्यात) थोडं चुंबकत्व उरतं, त्यासाठी ते. गाडीत बटण दाबायला कोणी नसतं, म्हणून ब्रेकर उघडा असताना सेन्सर खरोखर शून्य दाखवतोय का, हे कंट्रोलनेच बघावं असा माझा आग्रह असतो.